कुत्र्याचं पिल्लूसुद्धा

१२ जानेवारी

धाकट्या,

पत्र माझं आहे म्हणून न वाचता बाजूला सारू नकोस. काही मागत नाही, आजारी नाही, रडगाणंही नाही. एक बातमी आहे. मी कुत्र्याचं पिल्लू आणलंय.

हसलास ना? हस. मागच्या सुट्टीत तुझ्या दारात उभी राहून मी म्हटलं होतं, पोरीला महिनाभर माझ्याकडे राहू दे, तिला आत्याचं घर कळू दे. तेव्हा बायकोसमोर तू काय म्हणालास ते मी विसरलेली नाही. "मुलगी सोड, ताई. तुझ्या हवाली मी कुत्र्याचं पिल्लूसुद्धा करणार नाही." तुझी बायको खाली बघत होती आणि पोरगी दाराआडून माझ्याकडे. सहा वर्षांच्या पोरीसमोर तू माझं नाक कापलंस. परतीच्या अख्ख्या प्रवासात मी ते एकच वाक्य चघळत होते. म्हटलं, ठीक आहे. पिल्लूच वाढवून दाखवते.

कुठून आणलं ते ऐक. आमच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला, रिकाम्या क्रेटांच्या थप्पीखाली एक कुत्री व्याली होती. सोमवारी सकाळी कोंबड्यांचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने थप्पीसकट तिला चिरडलं. चारातली तीन पिल्लं तिच्याबरोबरच गेली. चौथं तिच्या पोटाखालून वळवळत बाहेर आलं, रक्तात माखलेलं, आणि वळून पुन्हा तिलाच लुचायला लागलं. ड्रायव्हर फावडं घेऊन आला. म्हणाला, "मुकादमबाई, बाजूला व्हा, ह्याचंही एका फटक्यात मिटवतो." मी ते फावडं हिसकावलं आणि दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. अजून लंगडतोय. माझ्या पट्ट्यावर कोंबड्या कापणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या.

तर असा हा आमचा पाहुणा. तपकिरी, ओंजळीत मावेल एवढा, एक कान उभा आणि एक पडलेला. दात मात्र सुया आहेत. पहिल्याच दिवशी माझ्या अंगठ्यातून रक्त काढलं, म्हणून नाव ठेवलं टोच्या. पण तुझी ताई हात टेकणारी नाही. कामावर आम्ही डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा घालतो, तो घरी आणलाय. ज्याच्यातून सुरी जात नाही त्याच्यापुढे ह्याच्या दातांची काय मातब्बरी? आता चाव म्हणावं हवं तेवढं. मला काही म्हणता काही जाणवत नाही.

पोरीला सांग, आत्याकडे टोच्या आहे. एवढंच सांग, बाकी काही सांगू नकोस.

ताई


२९ जानेवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशा मी धरली नव्हती, तरी रोज घरी आल्यावर आधी दाराखाली बघत होते.

लेकरू वाढवणं म्हणजे काय ते मला तुझ्यामुळे ठाऊक होतं, पण ह्याने नाकी नऊ आणले. माझी पाळी सहा ते सहा. पायी यायला अर्धा-पाऊण तास, म्हणजे तेरा तास घर बंद. तेवढ्या वेळात तो काय करत नाही ते विचार. एक चप्पल खाल्ली. गादीचा कोपरा उसवून कापूस खोलीभर केला. दिव्याची वायर चावली, नशीब की बटण बंद होतं. आणि घाण. एवढ्याशा पोटात एवढं मावतं कुठे, देव जाणे.

मग मी डोकं चालवलं. आमच्याकडे जिवंत कोंबड्या आकड्याला उलट्या टांगतात त्या खोलीत निळे दिवे असतात. निळ्या उजेडात कोंबडीला दिसत नाही, ती निपचित राहते. पंख फडफडवत नाही, टांगणाऱ्याला ओरबाडत नाही, पात्यापर्यंत गुमान जाते. अठ्ठावीस वर्षं बघतेय. म्हटलं, हाच उपाय घरी. खिडकीला पुठ्ठा ठोकला, निळा दिवा लावला, टोच्याला कोंबड्यांच्या क्रेटमध्ये घालून झाकण बांधलं आणि निवांत कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर क्रेटच्या जाळीला रक्त. घासून घासून नाक सोलून घेतलं होतं आणि पुढच्या पायाची दोन नखं जाळीत अडकून उपटली होती.

खाली एक म्हातारा इस्त्रीवाला आहे. तो जिन्यात मला अडवून म्हणाला, "ताई, कोंबडीचं सोडा, कुत्र्याला निळ्यात चांगलं दिसतं. दिवसभर किंकाळ्या मारत होतं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, वर काय चाललंय म्हणून."

मी म्हटलं, "तुम्ही कपड्यांकडे लक्ष द्या. माझ्या घराला कान कशाला लावता?"

"लावावे लागत नाहीत हो," म्हणाला.

असो. दिवा काढला, पुठ्ठाही काढला. मारण्याबद्दल विचारशील तर मी त्याला बोट लावलेलं नाही. म्हणजे एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवली. लागण्यासारखी नाही, आवाजापुरती.

तू बायकोला सांगितलंयस की ताई मला कोंडून जायची. कोंडून नाही रे, कुलूप लावून. आई गेली, बाप त्याआधीच परागंदा झालेला. अठरा वर्षांची मी आणि सहाचा तू. बारा तास तुला कोण बघणार होतं? मोकळा सोडला असता तर कुठल्या तरी चाकाखाली गेला असतास. हे तिला सांगितलंस का?

ताई


१८ फेब्रुवारी (हे पाठवलं नाही)

हे मी पाठवणार नाही, तेव्हा जरा खरं लिहिते.

आज पट्ट्यावर एका नव्या मुलीच्या कानाखाली वाजवली. साहेबांनी सकाळपासून पट्ट्याचा वेग वाढवला होता. पक्षी एकामागून एक येत होते, श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि ही बया सुरी शेजारणीच्या अंगाकडे धरून कापत होती. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी हात उठला. डावा. त्यावर जाळीचा हातमोजा होता हे तिचा कान बघितल्यावर माझ्या लक्षात आलं. वरची पाळी फाटली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या मागे पट्टा चालूच होता. साहेब म्हणाले, "मुकादमबाई, हात आवरा जरा." दुसरं काही बोलले नाहीत, कारण माझ्याइतकं काम कोणी काढून देत नाही.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कुलपात किल्ली फिरवली, दार ढकललं, तर टोच्या समोर उभा आणि पायाखाली थारोळं. रोजचं झालंय. दिवसभर काय करतो ते करतो, पण माझी किल्ली वाजली की मुततो. मी मानेला धरून त्याचं तोंड त्यात घासलं, मग उचलून भिंतीकडे फेकला. जोरात नाही, पण फेकला. मग पाणी तापवण्याच्या भांड्याचं झाकण हातात आलं, ते हाणलं. तो पलंगाखाली गेला. मी कुंच्याच्या दांड्याने ढोसून बाहेर काढला आणि पुन्हा मारला.

गेल्या रविवारी सुई टोचायला नेला होता. जनावरांची डॉक्टरीण तरुण आहे, शांत बोलते. तिने पाठीवरून हात फिरवला तर हा किंचाळला. तिने मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, फार दंगेखोर आहे. तिने सुई भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तो घाण करतो सकाळी आणि तुम्ही शिक्षा करता संध्याकाळी. सकाळचं त्याला आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की किल्ली वाजली की मार बसतो. म्हणून तो किल्ली वाजली की मुततो, आणि त्यासाठी तुम्ही पुन्हा मारता. हे तुम्ही थांबवल्याशिवाय थांबणार नाही." मी मनात म्हटलं, दोन पुस्तकं वाचून आलेली पोर, हिला काय कळतंय.

तिला सगळं कळलं होतं. मलाही कळलं.

तूही माझी चाहूल लागली की पलंगाखाली जायचास. बायकोला मी सांगितलं होतं की आमचा लपाछपीचा खेळ असायचा. खेळ नव्हता. मी पाय धरून ओढायची तुला, आणि तुझी नखं फरशीवर वाजायची.


२० फेब्रुवारी

धाकट्या,

टोच्या आता चांगला बाळसं धरतोय. खालचा इस्त्रीवालासुद्धा कौतुक करतो. डॉक्टरणीकडे नेऊन सुई टोचून आणली, शूरासारखी टोचून घेतली. सोबत पोरीसाठी एक कागद आहे, तो तिला वाचून दाखव. तेवढं तरी कर.

छोट्या बाईसाहेबांना,

मी तुझी आत्या. माझ्याकडे टोच्या नावाचा एक महाचावट माणूस राहतो. त्याला चार पाय आहेत पण एकही धड नाही, चालताना मागचे पुढच्यांना मागे टाकतात. तो माझी चप्पल खातो आणि भाजी दिली की नाक मुरडतो. आत्या कामावरून आली की त्याला इतका आनंद होतो, इतका आनंद होतो, की दारातच सू करतो. तू आलीस तर तुझ्या पायावरच करेल, म्हणून जुने बूट घालून ये.

तुझी आत्या


१४ मार्च (हेही पाठवलं नाही)

माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे, अक्षर वाकडं येईल.

आज दुपारी पट्ट्यावरच्या माझ्या शेजारणीचं बोट गेलं. तेरा वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या आहोत. तिच्या हातमोज्याची जाळी मनगटापाशी उसवली होती आणि नवा मागून महिना झाला होता. सुरी सरकली, ती "अगं" एवढंच म्हणाली, आणि तिची करंगळी पंखांच्या ढिगाबरोबर पुढे निघून गेली. मी पट्टा थांबवला. पाऊण तास आम्ही सहाजणी गुडघ्यांवर बसून क्रेटमधले पंख उपसत होतो. दोनशे-तीनशे पंख, सगळे गुलाबी, थंड, बोटाएवढेच. सापडलं तोवर उशीर झाला होता. तिला घेऊन गेले, जमिनीवर पाणी मारलं आणि पट्टा सुरू झाला. थांबलेला वेळ भरून काढायला सगळ्यांना दीड तास जास्त.

घरी आले तेव्हा टोच्याने उशी फोडली होती. मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले, दमले होते. त्याला दूध-पाव दिला. मग लक्षात आलं की त्याच्या वाटीत उशीचा दोरा आहे, घशात अडकेल, म्हणून वाटी ओढायला हात घातला. उघडा हात. त्याने धरला. लहान दात पडून आता मोठे येताहेत, ते आत गेले आणि हाडाला लागलेले मला जाणवले. सोडेना. मी त्याला तसाच हाताला लटकलेला उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटला.

सुटला. मग मी त्याचं तोंड बांधलं. कामावर पिशव्यांची तोंडं आवळायला प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, एकदा ओढली की मागे येत नाही. ती ओढली. त्याला कोपऱ्यात ठेवून मी हाताला पट्टी केली, जेवले, भांडी घासली. भांडी घासताना मला अगदी हलकं वाटत होतं. मग खोलीत आवाज नाही म्हणून वळून बघितलं. जीभ दातांच्या फटीतून बाहेर आलेली, काळी-निळी. तोंडावरची पट्टी सोडता येत नव्हती, कारण ती सुटण्यासाठी केलेलीच नसते. सुरी घेतली. मी पंधरा सेकंदांत कोंबडीचे आठ तुकडे करते, पण पट्टी कापताना सुरी सरकली आणि त्याचा ओठ चिरला गेला. रक्त त्याचं का माझं ते कळत नव्हतं. श्वास परत आला तसा तो जरा हलला, आणि माझा हात चाटायला लागला. पट्टी बांधलेला हात.

एक सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मारताना मला बरं वाटतं. आधी नाही, नंतरही नाही, पण त्या मधल्या वेळात पट्टा थांबल्यासारखा वाटतो. काही पुढे सरकत नाही, कोणी वेग वाढवत नाही, सगळं माझ्या हातात असतं. तुला मारतानाही असंच होत असे. पाण्याची रबरी नळी आठवते तुला? तुझ्या खोड्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. माझी पाळी कशी गेली त्यावर ती भिंतीवरून खाली उतरायची.

आणि तू. तू एक ओळ लिहायला मरतोस. मेलास का रे तिकडे? हातातोंडाची गाठ घालत वाढवला तुला, लग्न केलं नाही, एक दिवस उपाशी ठेवला नाही. एकदा, एकदाच लिही, की ताई, वाचलं.

नाही. हे पाठवायचं नाही.


१६ मार्च

धाकट्या,

खुशाल आहे. टोच्या आता 'बस' म्हटलं की बसतो आणि हात पुढे केला की पंजा देतो. ओठाला एक छोटी खूण झालीय, खोडकरपणाची बक्षिसी. पण त्यामुळे तो सदा हसल्यासारखा दिसतो, पोरीला फार आवडेल.

मी काही बोलून दाखवत नाही. पण तू म्हणाला होतास त्याला दोन महिने होऊन गेले, आणि पिल्लू माझ्याकडे आहे, वाढतंय. आता तरी सुट्टीत पोरीला पाठवशील का? मी महिन्याची रजा टाकेन. तिला एक मिनिट एकटं सोडणार नाही.

तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग.

ताई


२२ एप्रिल

धाकट्या,

ह्या पाकिटात दोन जुने कागद आहेत, फेब्रुवारीचा आणि मार्चचा. तेव्हा लिहून ठेवून दिले होते. आधी ते वाच, मग हे वाच. बायकोलाही वाचू दे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमनने दुपारी दाराखालून आत सरकवलं असणार. मी सातला आले. किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि फरशीवर कागदाचे तुकडे. ओले, चावलेले. एका तुकड्यावर तुझं अक्षर दिसलं. 'ता' आणि त्याला जोडून 'ई'. सात वर्षांत तू मला पत्र लिहिलं नव्हतंस.

टोच्या समोर बसला होता. मुतला होता नेहमीसारखा. आणि त्याने पंजा पुढे केला. मी शिकवला होता तसा.

हातमोजा माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला आणि घातला. हे मुद्दाम लिहितेय, कारण रागाच्या भरात हात उठला असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. मी हातमोजा घातला, मनगटाचा पट्टा आवळला, आणि मग मारायला लागले. पहिला फटका तोंडावर. दुसऱ्याला तो पडला. मग मी मोजलं नाही. त्या हातमोज्यातून काही जाणवत नाही हे मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. खरंच जाणवत नाही. हाड मोडलं ते मला हाताला कळलं नाही, कानाने कळलं. तरी थांबले नाही. त्याने आधी किंकाळ्या मारल्या, मग बारीक आवाज काढला, मग तोही बंद झाला. मी त्याला पायाला धरून उचललं, कोंबडी धरतात तसं, आणि माझ्या तोंडून निघालं, "माझं पत्र होतं ते."

दार उघडंच होतं. इस्त्रीवाला वर आला. हातात इस्त्री करायची ओली चादर, ती त्याने पिल्लावर टाकली आणि स्वतः मध्ये उभा राहिला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी त्यालाही मारलं. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं तरी तो हलला नाही. म्हणाला, "ताई, बास. आता मला मारताय तुम्ही." असा साध्या आवाजात म्हणाला की मी खाली बसले.

डॉक्टरणीकडे तोच घेऊन गेला, मी मागे मागे. पुढचा एक पाय दोन ठिकाणी मोडला होता, तीन बरगड्या, आणि डावा डोळा काढावा लागला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय झालं?" आणि मी म्हटलं, "जिन्यावरून पडला."

धाकट्या, शोधावं लागलं नाही मला ते वाक्य. तोंडात तयारच होतं. तू आठ वर्षांचा असताना तुझा हात घेऊन मी मोठ्या दवाखान्यात गेले होते, तिथल्या डॉक्टरलाही हेच सांगितलं. जिन्यावरून पडला. तू शेजारच्या बाकावर बसून मान डोलावलीस, कारण मी तुझ्याकडे बघत होते. तुझ्या लग्नात बायकोने विचारलं, ह्यांचा हात कोपरात असा वाकडा का, तेव्हाही मी तेच सांगितलं, हसून सांगितलं, केवढा वांड होता म्हणून. मला वाटतं, पुढे पुढे मला ते खरंच वाटायला लागलं होतं. जिना नव्हता रे. तेव्हा आपण तळमजल्यावर राहत होतो.

त्या वेळी कोणी काही बोललं नव्हतं. या वेळी इस्त्रीवाला बोलला. भुवईवर कापूस दाबून धरलेला, तसाच म्हणाला, "जिन्यावरून नाही पडला." डॉक्टरणीने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. टोच्या आता माझ्याकडे राहणार नाही. ती म्हणाली, हा तुम्हाला परत देता येणार नाही, आणि मी वाद घातला नाही. इस्त्रीवाल्याने घेतलाय, खाली असतो. म्हाताऱ्याने पोलिसात तक्रार मात्र केली नाही. करायला हवी होती.

त्याच रात्री घरी येऊन मी तुझ्या पत्राचे तुकडे गोळा केले. टेबलावर मांडले, पुसले, जुळवले. एक तुकडा मिळाला नाही, त्याच्या पोटात गेला असेल. बाकीचं वाचता आलं. "ताई, पिल्लू छान वाढवलंयस. मी त्या दिवशी बोललो ते फार झालं. तुझी पत्रं पोरगी उशाशी घेऊन झोपते. टोच्या पंजा कसा देतो ते दिवसातून दहादा करून दाखवते. दोन तारखेच्या गाडीने तिला घेऊन येतो. महिनाभर ठेव." त्याखाली तुझ्या बायकोची एक ओळ होती, ती अर्धीच उरली आहे. "ताई, तिला रात्री दिवा लागतो" एवढीच. पुढे काय ते मला कळलं नाही.

मी ते शंभरदा वाचलं असेन. आणि खरं सांगते, दोन दिवस मी ठरवत होते की तुला काही कळवायचं नाही. पिल्लू गाडीखाली आलं म्हणून सांगू. पोरीसाठी दुसरं आणू. नवी चादर घेतली, तिच्यासाठी छोटी उशी घेतली. रजा मी कधी टाकलीच नव्हती, साहेब देणार नाहीत हे मार्चमध्येच ठाऊक होतं. म्हटलं, बारा तासांचा काय प्रश्न, तूही राहायचासच की.

काल खाली गेले. इस्त्रीवाला नको म्हणाला, मी ऐकलं नाही. टोच्या टेबलाखाली गोणपाटावर होता, पायाला प्लास्टर, डोळ्याला टाके. माझं पाऊल ओळखलं. जागच्या जागी मुतला. आणि मग उठला, धाकट्या. तीन पायांवर, पोट जमिनीला घासत, शेपूट हलवत सरळ माझ्याकडे आला, आणि माझा हात चाटायला लागला. इस्त्रीवाल्याने तोंड फिरवलं.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. वाटलं, विसरला बिचारा, माया आहे त्याची माझ्यावर. आणि लगेच मला तू आठवलास. हाताला प्लास्टर घालून आणलं त्या दिवशी तू माझ्याच कुशीत शिरून झोपलास, माझं बोट धरून. मीही तेव्हा समजले की झालं, मिटलं, पोराची माया आहे माझ्यावर. ह्या एवढ्या एका गोष्टीवर मी सव्वीस वर्षं काढली. माया नव्हती ती. तुला जायला दुसरी जागा नव्हती.

तुझ्या पोरीला तू आहेस, तिची आई आहे. पण इथे महिनाभर तिला फक्त मी असेन. तीही मला बिलगेल. माझ्या हातून काही झालं तर त्यानंतरही बिलगेल, आणि घरी आल्यावर तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, कदाचित विचारल्यावरही नाही. तू कोणाला सांगितलं होतंस?

म्हणून तिला आणू नकोस. तिकिटं काढली असशील तर परत कर. तिला काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण टोच्या जिवंत आहे आणि एका चांगल्या माणसाकडे आहे हे सांगा, ते खरं आहे. आत्याने काय केलं ते आत्ता नाही तर मोठी झाल्यावर सांगा. लपाछपीचा खेळ होता असं सांगू नका.

आणखी एक. मी पुन्हा लिहीन. मला मी माहीत आहे. दोन-चार महिने गेले की हे सगळं मला इतकं वाईट वाटेनासं होईल, आणि मग मी तुला एक छान पत्र लिहीन. हसवीन. पोरीसाठी वेगळा कागद घालीन. मी सुधारले म्हणून लिहीन, आणि ते लिहिताना मला ते खरंच वाटत असेल. तू विरघळशील, कारण तू विरघळतोस. तेव्हाही तिला आणू नकोस.

ताई